एकोणीस बायांचं एक वाक्य

८ मार्च २०२५

चार ओळी! ‘स्त्रियांचा मताधिकार’ – एवढा मोठा विषय आणि मराठी ज्ञानकोशात त्याला मोजून चार ओळी! कुठल्याशा क्रिकेटपटूच्या गाड्यांवर मात्र अडीच पानं. कोणती गाडी कधी घेतली, रंग कोणता, सगळं!

आणि त्या चारातली तिसरी ओळ – ‘भारतीय स्त्रियांना १९५० साली मताधिकार देण्यात आला.’ देण्यात आला म्हणे! ओवाळणी होती का? कुणी दिला? स्वतःच्या खिशातून काढून दिला? मी इतक्या जोरात ती ओळ खोडली की शेजारी बसलेली श्रद्धा म्हणाली, “मॅडम, हळू. कीबोर्ड कॉलेजचा आहे.”

श्रद्धा इथे परभणीत राज्यशास्त्र शिकवते. महिला दिनाचं निमित्त काढून तिनेच ही कार्यशाळा ठेवली. इंटरनेटवरचा खुला ज्ञानकोश – कुणीही लेख उघडायचा, भर घालायची, दुसऱ्याचं चुकलं तर दुरुस्त करायचं. सकाळी बावीस जणी होत्या. गुलाब घेतले, फोटो काढले, समोसे खाल्ले, गेल्या. दोन वाजता उरलो तिघं. श्रद्धा, मी आणि अनंतराव. अनंतराव निवृत्त ग्रंथपाल, वय बाहत्तर, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. महिला दिनाला शेवटपर्यंत थांबलेला एकमेव पुरुष! पण बोलायला लागले की शाळा तपासणीला साहेब आल्यासारखं वाटतं.

सदस्यनाव घ्यायचं होतं. श्रद्धा म्हणाली, टोपणनाव घ्या, सगळे घेतात. का म्हणून? लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव काढून ठेवलं होतं माझ्यासाठी, ते मी घेतलं नाही. सासरचे वर्षभर तोंड फुगवून होते. आता कुठल्या भीतीने घेऊ? लिहिलं – मधुवंती कस्तुरे. पूर्ण.

ठरलं असं, की पाच आठवड्यांत लेख असा करायचा की तो ज्ञानकोशाच्या मुखपृष्ठावर यावा. १५ एप्रिल शेवटची तारीख.

९ मार्च

रविवार सगळा त्यातच गेला. १९३५च्या कायद्यात काय होतं, तर नवऱ्याकडे ठरावीक मालमत्ता असेल तर त्याच्या बायकोला मत! म्हणजे बाई स्वतः कुणीच नाही. नवऱ्याच्या जमिनीला आलेलं फळ! लिहिलं. अनंतरावांनी ‘फळ’ काढलं. बाकी ठेवलं.

१२ मार्च

आज अनंतरावांशी कडाक्याचं भांडण.

पहिल्या निवडणुकीसाठी याद्या केल्या तेव्हा देशभरात सुमारे अठ्ठावीस लाख बायांची नावं वगळली गेली. कारण काय, तर बायांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. निवडणूक आयोगाने हुकूम काढला – असल्या नोंदी नकोत. अठ्ठावीस लाख! वाचून अंगाचा तिळपापड झाला माझ्या. कोण होते ते यादी करणारे? बाईच्या दारात दोन मिनिटं जास्त उभं राहता येत नव्हतं? गोडीने विचारता येत नव्हतं? नाव नाही, मार फुली, चल पुढच्या घरी!

मी तिथे आमच्या चांगुणाबाईंची हकीकत घातली. राणीसावरगावला आईच्या शेजारी राहतात, पंच्याण्णव वर्षांच्या. गेल्या दिवाळीत मी त्यांचं बोलणं फोनवर घेऊन ठेवलं होतं. “नाव काय म्हणून इचारलं. दीर, सासरा समदे बसलेले. त्यांच्यापुढं सोताचं नाव घ्यावं व्हय? म्हणलं, लिवा, मळ्यातली थोरली. लिवलं बी आसंल. मत टाकाया गेलाव तर न्हाईच!”

सात ओळी लिहिल्या. जीव ओतून. संध्याकाळी बघते तर गायब! कारण – ‘संदर्भ नाही. काढले. अनंतराव.’

फोनच केला त्यांना. म्हणाले, “मधुवंतीताई, मूळ अहवाल म्हणतो हे मुख्यत्वे बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, त्या बाजूला झालं. हैदराबाद राज्याचं, म्हणजे आपल्या भागाचं, नाव त्यात नाही.”

“म्हणजे चांगुणाबाई खोटं बोलतात?”

“मी तसं म्हणालो नाही. छापील संदर्भ द्या.”

“बाई जिवंत आहे! तोंडाने सांगतेय!”

“तोंड संदर्भात धरत नाहीत.”

फोन ठेवला. तोंड धरत नाहीत म्हणे! ज्यांना लिहू दिलं नाही त्यांनी छापील कुठून आणायचं? हे सगळं चर्चापानावर लिहून काढलं. लेखाच्या पाठीमागे ते एक पान असतं, तिथे संपादकांनी वाद घालायचा. जग वाचू दे. मी लिहिलं, ‘बाईच्या शब्दाला कागदाची सही लागते हेच तर या लेखाचं दुखणं आहे.’ चांगलं जमलं ते वाक्य.

१३ मार्च

चांगुणाबाईंना तीनदा परत टाकलं, तीनदा काढलं. म्हातारा हट्टी आहे. मीही.

१६ मार्च

श्रद्धाने मधला मार्ग काढला. अनंतराव स्वतः राणीसावरगावला जाऊन चांगुणाबाईंचं बोलणं रीतसर ध्वनिमुद्रित करणार, वाचनालयाच्या संग्रहात ठेवणार, मग त्याचा संदर्भ देता येईल. ठीक. पण भांडले म्हणून झालं, हे कुणी म्हणणार नाही.

आज मतदार याद्या कशा बनतात तो भाग लिहिला. त्यात मला कुणी शिकवू नये! सोनपेठकडे शाळेवर होते तेव्हा चार वर्षं बीएलओ होते मी – गावाच्या मतदार यादीचं काम, शाळा सांभाळून घरोघर फिरायचं, मेलेले काढायचे, नवे घालायचे. मास्तर मंडळी महिना महिना रडत बसायची. मी शेवटच्या वर्षी एका दिवसात अख्खं गाव संपवलं होतं! निम्म्या घरांना कुलपं. पण पारावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले, साऱ्या गावाची कुंडली तोंडपाठ. त्यांना यादी वाचून दाखवली, ते हो-नाही सांगत गेले. तीन तासांत काम फत्ते. त्या वर्षी तालुक्यात सर्वांत शुद्ध यादी माझी. प्रमाणपत्र मिळालं, ते दिवाणखान्यात लावलंय. पुढच्या उन्हाळ्यात बदली झाली, परभणीला आले.

कामाची पद्धत माहीत नसलेली माणसं हल्ली याद्यांवर फार बोलतात.

१८ मार्च

कुणी ‘पिंगळीची’ नावाची सदस्य आलीये. काल नोंदणी केली आणि आज थेट आमच्या लेखात वाक्य टाकलं – ‘परभणी जिल्ह्यातील एका गावात २०२३ साली ऊसतोडीला गेलेल्या एकोणीस बायांची नावे मतदार यादीतून कमी केली, त्यामुळे त्यांना लोकसभेला मतदान करता आले नाही.’

गाव कोणतं? माहीत नाही. कुणी कमी केली? माहीत नाही. छापून कुठे आलंय? कुठेच नाही. असं चालत नाही ना! आम्ही इथे एकेका ओळीसाठी रक्त आटवतोय. मी काढलं. कारण लिहिलं – ‘संदर्भ नाही.’

अनंतरावांनी त्याखाली शाबासकीचा अंगठा टाकला. पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाले.

१९ मार्च

परत टाकलं तिने. परत काढलं.

२० मार्च

परत! दुपारी सव्वादोनला. ही बाई करते काय दिवसभर?

२१ मार्च

चर्चापानावर विचारलं तिला. सरळच विचारलं – आपण कोण, हे ऐकीव आहे की काय, आणि संदर्भाचा नियम वाचला का. जरा कडक लिहिलं असेन.

उत्तर आलं. शुद्धलेखन यथातथाच, पण अक्षर न् अक्षर इथे उतरवून ठेवते.

‘मी ऊसतोड करते. बारावी झालेली आहे. आता कारखान्यावर आहोत. गाडी रिकामी व्हायला नंबर लागतो तोवर दोन तीन तास बसावं लागतं तेव्हा मोबाईलवर लिहिते. ऐकीव नाही. एकोणीस मधली एक मी आहे. आम्ही बाया ऊसात होतो. गावात म्हातारे माणसं होते. यादी तपासायला आले त्यांनी आमच्या आजेसासऱ्याला विचारलं की अमुक बाई इथे राहते का. आजेसासऱ्याला आमचे नावं माहीत नाहीत. सासरी आमाला नावाने कोणी बोलवत नाही. माहेरच्या गावावरून बोलवतात. मी पिंगळीची. माझी जाऊ सावरगावची. सासूला अजून सोनपेठची म्हणतात. आजेसासरा म्हणला या नावाची कोणी नाही इथे. त्यांनी खोटं सांगितलं नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं. पोरांचे नावं माहीत होते ते राहिले. सुनांचे गेले.’

हे राम! सत्तर वर्षं झाली आणि तेच! तेव्हा बायांना नाव घेता येत नव्हतं म्हणून गेल्या. आता नाव आहे, आधारकार्ड आहे, बारावीचं सर्टिफिकेट आहे, तर घरात ते नाव कुणाला ठाऊक नाही म्हणून गेल्या!

संताप संताप झाला. कुण्या मठ्ठाने हे काम केलं असेल? कुलूप दिसलं तर परत जायचं असतं! कळत नाही? एकोणीस बाया एका गावातून, त्याही सगळ्या सुना, हे त्याच्या डोक्यात येऊ नये? मला विचारलं असतं कुणी तर मी सांगितलं असतं.

मी तिची माफी मागितली. चर्चापानावर, सर्वांसमोर. वाक्य स्वतः परत टाकलं आणि पुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण केली. ही खूण निघाली पाहिजे. ते आता माझं काम.

२४ मार्च

श्रद्धा म्हणते, मॅडम तुम्ही आजकाल वर्गातही ओरडायला लागलात असं ऐकलं. ओरडते! मग काय करू?

२९ मार्च

अनंतरावांशी पुन्हा. पण आज त्यांची बाजू समजून घ्यायची माझी मुळीच तयारी नव्हती.

मी चर्चापानावर ठराव मांडला – पिंगळीचीने कागद मिळवावा, आणि ज्या कर्मचाऱ्याने नावं काढली त्याचं नाव तळटीपेत छापावं. चर्चापानावर सगळे खुलेपणाने लिहितात. अनंतराव लिहितात, ‘जिवंत व्यक्तीचे नाव, तेही खालच्या कर्मचाऱ्याचे. नको. वाक्य ठेवू, नाव गाळू.’

मी लिहिलं, ‘एकोणीस बायांची नावं गाळली तेव्हा कुणाला एवढी काळजी वाटली होती? त्याचं एक नाव छापलं तर आभाळ कोसळेल? नाव लिहायचंच.’

श्रद्धा माझ्या बाजूने. दोन विरुद्ध एक. ठराव पास.

मग पिंगळीचीला विचारलं, तुम्हाला त्या माणसाचं नाव माहीत आहे का? दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळी पाचला एक ओळ – ‘माहीत आहे. लिहिणार नाही.’

घाबरते. गावात राहायचंय ना तिला! यांच्या याच भित्रेपणावर तर ती माणसं खुर्चीत बसतात. मी लिहिलं, ‘ताई, भिऊ नका. मी आहे तुमच्या पाठीशी.’

३१ मार्च

कारखाना बंद झाला, पिंगळीची गावी परतली. सोनपेठच्या बाजाराला येणार आहे. मी म्हटलं, भेटायचंच. सकाळची शाळा सुटली की एसटीने जाते.

४ एप्रिल

सोनपेठला जाऊन आले. ऊन मरणाचं. एसटीच्या खिडकीचा पत्रासुद्धा पोळत होता.

पंकजा तिचं नाव. पंकजा शिवप्रसाद. चोवीस-पंचवीसची असेल, उन्हाने रापलेली, हातांवर उसाच्या पाल्याने कापल्याचे व्रण, डोक्यावरून पदर. सोबत सासू – झुंबरबाई. भाजीच्या ओळीच्या टोकाला रसवंतीच्या सावलीत बसलो. मी तीन रस सांगितले. झुंबरबाई म्हणाली, “ऊस नगं, बाई. सा महिने तेच बगितलंय. पाणी द्या.”

लाजले मी. पाणी मागवलं.

पंकजा फारसं बोलेना. जमिनीकडे बघत होती. चर्चापानावर एवढी धीट आणि समोर बसल्यावर ही अशी. बोलली सगळं झुंबरबाईच.

“लोकसभेला आमी टेंपो करून आलाव बगा. मुकादम म्हणला, चला, मत हाय. आंघोळी केल्या, धुतलेली लुगडी नेसली. रांगंत लय येळ उभारले, उन्हात. नवऱ्याचं नाव हाय – व्यंकटी. लेकाचं हाय. माजं न्हाई. म्हणलं, नीट बगा की, मागल्या येळंला हुतं. तर मास्तर म्हणला, बाई, तुमी ह्या घरात राहतच न्हाई आसं लिवलंय. म्हणलं, आरं बाबा, मग तीस वरसं ह्या घरातली चूल कोण पेटवायलंय?”

हे सांगताना ती हसली. मला नाही हसू आलं. माझे डोळे भरून आले आणि त्याचाच जास्त राग आला.

“आमी एकोणीस जणी माघारी आलाव. पोरं-पुरुष मत टाकून आले, बोटाला शाई. माजा सासरा – बन्सीधर त्याचं नाव, आता सरला बिचारा – तो लय रडला. म्हणायचा, मला काय ठावं तुमची नावं, मी तर तिला सोनपेठचीच म्हणतो. त्या बाईनं वाचली तशी मी सांगत गेलो.”

“बाईनं?” मी म्हटलं. “म्हणजे काम करणारी बाई होती? एका बाईने हे केलं?”

झुंबरबाई माझ्याकडे बघत राहिली. “तुमाला कुठंतरी बगितल्यावानी वाटायलंय, बाई.”

पंकजा चटकन उठली. “आत्या, चला. गाडी जाईल.”

तालुक्यात आठ वर्षं नोकरी केली, कुठे ना कुठे बघितलं असेलच. ते सोडा. मला राहून राहून वाटतंय – एका बाईने! पुरुषाने केलं असतं तर निदान समजलं तरी असतं. बाईला बाईच्या घराची रीत माहीत नसते का? सुनेला कुठल्या नावाने हाक मारतात हे ठाऊक नसतं? कुठल्या जगातून आलेली असते असली बाई?

गाडीत बसण्याआधी पंकजाला बाजूला घेतलं. “कागद आहे का तुमच्याकडे?”

“हाय. मालकानं तहसीलमधनं नक्कल काढून आणली होती. नावं परत लावायला गेलाव तवा.”

“लागली परत?”

“आठ लागली. अकरा जणी फॉर्म भरायच्या दिशी उसात होत्या.”

“मग कागद द्या ना! अडलंय कुठे?”

“त्यात नाव हाय.”

“तेच तर हवंय!”

माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं तिने. मग म्हणाली, “बगते.” गाव कोणतं ते विचारायचं राहूनच गेलं. गाडी हलली होती.

५ एप्रिल

काल गाव विचारायचं राहिलं, म्हणून आज विचारलं. उत्तर नाही.

७ एप्रिल

कागद नाही. फोन उचलत नाही. संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात. मग उत्तर का नाही?

९ एप्रिल

लेख आता कुठल्या कुठे गेलाय. चार ओळींचे चौदा भाग झाले. बेचाळीस तळटीपा. चांगुणाबाई लेखात आल्या! अनंतराव खरोखर गेले राणीसावरगावला, दोन तास बसले, ध्वनिमुद्रण केलं, संग्रहात क्रमांक टाकला. परत आल्यावर मला फोन करून म्हणाले, “ताई, त्या बाईंनी मला जाताना त्यांचं नाव सांगितलं. माहेरचं. कुणी विचारलंच नव्हतं म्हणाल्या.” आवाज वेगळाच होता त्यांचा. माणूस अगदीच दगड नाही.

पण एकोणीस जणींच्या वाक्यापुढची खूण तशीच. आणि ‘संदर्भ हवा’ लटकत असलेला लेख मुखपृष्ठावर घेत नाहीत, हा नियम आहे. वाक्याला कागद हवा, नाहीतर वाक्य जायला हवं. तिसरं काही नाही.

चर्चापानावर लिहिलं – ‘१४ एप्रिलपर्यंत कागद आला नाही तर वाक्य काढावे लागेल.’ श्रद्धाने लगेच फोन केला. “मॅडम, ती तोडणीवरून आलेली मुलगी आहे. तिला अशी मुदत देताय?”

“मग काय पाच आठवड्यांचं काम पाण्यात घालू?”

“वाक्य तिचं आहे.”

“मी तिच्याच भल्यासाठी करतेय!”

श्रद्धाने फोन ठेवला. हल्ली या पोरीचाही मला राग येतो. एक तर त्या यादीवाल्या बाईला कुणी हात लावायला तयार नाही. अनंतराव म्हणतात नाव नको, पंकजा म्हणते लिहिणार नाही, श्रद्धा म्हणते घाई नको. सगळ्यांना तिची दया! मतदानाच्या रांगेतून माघारी आलेल्या बायांचं काय? तिला झोप लागत असेल निवांत. कुणी सांगावं, बक्षीसही मिळालं असेल.

११ एप्रिल

मुख्याध्यापक म्हणाले, कस्तुरे बाई, तुमचा रक्तदाब तपासा. तपासला. वाढलाय. वाढणारच!

१३ एप्रिल

अनंतरावांनी चर्चापानावर शेवटची विनंती टाकली – वाक्य राहू द्या, मुखपृष्ठ गेलं तरी चालेल. म्हणजे ज्या माणसाने चांगुणाबाईंना तीनदा काढलं तो आता बिनसंदर्भाचं वाक्य ठेवा म्हणतो! आणि मी, जी तोंडाचा संदर्भ धरा म्हणून भांडले, ती कागद मागतेय. माझ्या लक्षात येत नाही असं नाही. पण इथे कागद आहे! तो एका घरात, पत्र्याच्या पेटीत पडलाय, आणि एका बाईला वाचवायला तो बाहेर येत नाही, हे मी कसं सहन करू?

पंकजाला शेवटचा संदेश पाठवला. ‘उद्या वाक्य काढते आहे. तुमच्या गप्प बसण्याने ती बाई सुटली, हे लक्षात ठेवा.’

१४ एप्रिल

सकाळी कागदाचा फोटो आला. एकोणीस नावं. चौथ्या ओळीत झुंबरबाई, सातव्या ओळीत पंकजा. प्रत्येकीपुढे एकच शेरा, वळणदार अक्षरात – ‘या नावाची व्यक्ती या घरात राहत नाही.’ खाली गावाचं नाव. तिथे माझी शाळा होती. खाली सही – मधुवंती कस्तुरे. पूर्ण.

खाली पंकजाचा संदेश. ‘बाई, तुमचं नाव पहिल्याच दिवशी लेखाच्या चर्चापानावर बघितलं होतं. म्हणूनच आले मी. चांगलं सुनवावं म्हणून. पण तुमी त्या राणीसावरगावच्या म्हातारीसाठी लय भांडलेल्या वाचल्या. वाटलं आमच्यासाठी बी भांडताल. फोटो दुसऱ्या कुणाला पाठवला न्हाई. टाकायचा का न्हाई, तुमीच ठरवा.’

दुपारी टाकला. तळटीप त्रेचाळीस. नावासकट.